मिस्त्राल: भरभर लिहिल्यासारखा दिसणाऱ्या फॉन्टची पार्श्वभूमी

फ्रान्समधल्या दुकानांच्या पाट्या बघा, बेकरी म्हणा, सलून म्हणा, छोटी हॉटेलं म्हणा, जाड ब्रशपेनने भरभर लिहिल्यासारखी, एकमेकांना चिकटलेली अक्षरं कुठे ना कुठे सापडतातच. बऱ्याचदा तो मिस्त्राल असतो. हा फॉन्ट १९५३ चा, मार्सेच्या ऑलिव्ह टाइप फाउंड्रीचा (म्हणजे छपाईची अक्षरं बनवणाऱ्या कारखान्याचा), आणि नाव दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हान्समध्ये उत्तरेकडून सुटणाऱ्या गार, सोसाट्याच्या वाऱ्यावरून ठेवलेलं.

बनवणारा रोजे एक्सकोफाँ, १९१० साली मार्सेतच जन्मलेला. ऑलिव्ह फाउंड्री तशी लहान, समोर पॅरिसची डेबेर्नी ए पेन्यो ही बडी फाउंड्री. त्यामुळे पोस्टर आणि जाहिरातीत लगेच नजरेत भरेल असं काहीतरी वेगळं देणं ऑलिव्हला भागच होतं. हाताने लिहिल्यासारखे टाइप आधीही होते, अमेरिकेत १९४२ मध्ये ब्रश स्क्रिप्ट आला होता, पण त्यात साइनबोर्ड पेंटरचा सफाईदार हात दिसतो. एक्सकोफाँला रोजच्या लिखाणाचं वळण हवं होतं आणि ते त्याने स्वतःच्याच अक्षरावरून घेतलं.

खरी करामत पुढेच आहे. तेव्हाचा टाइप शिशाचा, प्रत्येक अक्षर वेगळ्या खिळ्यावर, म्हणजे छोट्या ठोकळ्यावर, आणि कुठल्या अक्षरानंतर कुठलं येईल ते खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याच्या हातातल्या मजकुरावर. म्हणजे प्रत्येक अक्षराची शेपटी खिळ्याच्या कडेला नेमक्या त्याच उंचीवर संपायला हवी जिथून पुढचं कुठलंही अक्षर सुरू होईल. देवनागरीच्या खिळ्यांमध्ये शिरोरेषा जुळवताना हाच प्रश्न यायचा, पण ती निदान सरळ रेघ, इथे धावत्या लिखाणाचे तिरके फटकारे. त्यात एक्सकोफाँने अक्षरं थोडी वरखाली नाचवली, कडा खरबरीत ठेवल्या, त्यामुळे सांधा डोळ्याला कळतच नाही. टाइपच्या इतिहासातलं हे अगदी पहिल्या रांगेतलं काम आहे असं माझं ठाम मत.

दोन वर्षांनी, १९५५ मध्ये, एक्सकोफाँचाच आणखी जाड, ब्रशच्या वळणाचा ‘शोक’ (Choc) हा फॉन्ट आला, मग ‘आंतिक ऑलिव्ह’ हा फॉन्ट, आणि १९६८ च्या ग्रेनोबल हिवाळी ऑलिम्पिकचं बोधचिन्हही त्याचंच.

पुढे मिस्त्राल मायक्रोसॉफ्ट ऑफिसबरोबर यायला लागला आणि फ्रान्सबाहेरही घरोघरी पोचला. त्यातूनच गैरवापर वाढला. अख्खा शब्द कॅपिटलमध्ये टाइप केला की तो कोसळतो, कारण त्याचे कॅपिटल एकमेकांना जोडण्यासाठी काढलेलेच नाहीत, आणि अक्षरांमधलं अंतर वाढवलं की सगळे सांधे उघडे पडतात. लांब परिच्छेदात तो वाचवत नाही. दोन-तीन शब्द, मोठा आकार, भोवती मोकळी जागा, दुकानाचं नाव, मेनूचं शीर्षक, पोस्टरवरची एखादी ओळ, एवढंच द्या त्याला, सत्तर वर्षांनंतरही ताजा दिसतो.

मराठीत हाताच्या वळणाचं काही हवं असेल तर मिस्त्रालमध्ये देवनागरी नाहीये, त्यासाठी इंडियन टाइप फाउंड्रीचा ‘कलम’ हा फॉन्ट बघा, २०१४ पासून मोफत मिळतो, देवनागरी आणि रोमन दोन्ही एकाच तिरक्या वळणात.