भरली बंडी, रिकामी बंडी आणि झुरळाचा पाय

लाइन गेली आणि आम्हाला झुरळाचा पाय ऐकू आला.

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या कनिष्ठ महाविद्यालयाची प्रयोगशाळा शेताला लागून आहे. पलीकडच्या विहिरीवर मोटरपंप, खिडकीवरून गेलेल्या थ्री-फेजच्या तारा. बर्फाच्या पाण्यात बधिर केलेल्या झुरळाचा एक पाय घेऊन आम्ही त्यात दोन टाचण्या खोवल्या, ॲम्प्लिफायर आणि स्पीकर जोडला. सगळं बॅटरीवर. तरी स्पीकरमधून नुसतं ‘गुंऽऽऽ’. तेवढ्यात लाइन गेली, पंप थांबला, गुणगुणही थांबली. एका विद्यार्थिनीने पायावरचा काटा काडीने हलवला, तशी स्पीकरमध्ये तडतड झाली. तापल्या तव्यावर ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात, अगदी तशी.

ती तडतड म्हणजे चेतापेशींचे विद्युत-स्पंद. पेशीच्या आतबाहेर मोजला तर असा स्पंद साधारण 100 मिलिव्होल्टचा भरतो. आमची टाचणी मात्र पेशीबाहेर, नुसती शेजारी. तिथे जेमतेम 100 मायक्रोव्होल्ट हाती लागतात, म्हणजे व्होल्टचा दहा हजारावा भाग. उलट घरातली वीज 230 व्होल्टची, सेकंदाला 50 हेलकावे घेणारी. तार जोडलेली नसली तरी तिचं विद्युतक्षेत्र टाचण्यांत, वायरींत, आपल्या अंगात काही मिलिव्होल्ट सहज उमटवतं. ही गुणगुण 10 मिलिव्होल्टची धरली, तरी ती स्पंदाच्या शंभरपट झाली. 300 हर्ट्झच्या खालचं सगळं फिल्टरने गाळता येतं, आम्ही गाळतोही. पण ट्यूबलाइटची गुणगुण 50 च्या पटीत वर चढत जाते आणि 350, 450 हर्ट्झचे तुकडे फिल्टरमधून निसटतात.

खरा उपाय वजाबाकीचा, आणि तो आमच्या पोरांना कापसाच्या जिनिंगमधल्या वजनकाट्यावरून चटकन कळला. भरली बंडी, म्हणजे बैलगाडी, काट्यावर चढते, कापूस उतरवला की रिकामी बंडी पुन्हा चढते. फरक निघाला तो कापूस. बंडी जड की हलकी, याच्याशी कास्तकाराला देणंघेणं नसतं. डिफरन्शियल ॲम्प्लिफायर हेच करतो, फक्त दोन्ही वजनं एकाच क्षणी घेतो. गुणगुण दोन्ही टाचण्यांवर जवळपास सारखीच येते, स्पंद मात्र चेतातंतूजवळच्या टाचणीवर मोठा येतो. एकातून दुसरं वजा केलं की गुणगुण जाते, स्पंद राहतो. ब्रायन मॅथ्यूज या ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञाने 1934 मध्ये असा ॲम्प्लिफायर मांडला. त्याच वर्षी त्याने आणि त्याचा सहकारी एड्रियन याने मेंदूच्या लहरींबद्दलचं जर्मन मानसोपचारतज्ज्ञ बर्गरचं निरीक्षण पडताळून दाखवलं. दवाखान्यातलं ईसीजी मशीनही याच वजाबाकीवर चालतं.

आता खरी मेख. पहिल्या काट्याच्या वेळी बंडीवर गडी बसला असेल आणि दुसऱ्या वेळी उतरला असेल, तर त्याचं वजन कापसात धरलं जातं. दोन्हीकडची सारखी गुणगुण दाबण्याची क्षमता 80 डेसिबल असलेला ॲम्प्लिफायर ती दहा हजारपट दाबतो. 10 मिलिव्होल्टचा 1 मायक्रोव्होल्ट उरतो. पण हे दोन्ही टाचण्या सारख्या असतील तरच. एक गंजलेली, दुसरी नवी, आणि दोघींच्या रोधात 10 किलोओहमचा फरक असला, ॲम्प्लिफायरचा इनपुट रोध 1 मेगाओहमच असला, तर गुणगुणीचा शंभरावा भाग थेट आत शिरतो. तो भरतो 100 मायक्रोव्होल्ट, म्हणजे स्पंदाएवढाच! म्हणून ॲम्प्लिफायर निवडताना आधी इनपुट रोध बघावा, असं मला वाटतं. 100 मेगाओहमचा असेल तर हीच चूक शंभरपट कमी होते.

आम्ही आता एकाच पुडीतल्या टाचण्या वापरतो, वायरी आखूड आणि एकीला एक पीळ दिलेल्या ठेवतो, आणि ॲम्प्लिफायरच्या अर्थिंगसाठी तिसरी टाचणी पायाच्या टोकाला लावतो. दुसरी टाचणी मांडीच्या वरच्या भागात, पहिलीपासून पाच-सहा मिलिमीटरवर. त्याहून फार जवळ खोवली तर स्पंदही दोघींवर सारखाच येतो आणि गुणगुणीबरोबर तोही वजा होऊन जातो.