सायकल-हँडलचे संरेखन

सायकलचे हँडल आणि ते पेलणारा स्टेम पुढच्या चाकाशी अचूक जुळवण्याची क्रिया. स्टेम चाकाच्या प्रतलात आला आणि हँडल पुढच्या आसाला समांतर राहिले, की संरेखन साधले असे मानतात.

हँडलचा इतिहास कोठून मोजावा याबद्दल जुन्या व नव्या संदर्भग्रंथांत एकवाक्यता नाही. काँत द सिव्राक या फ्रेंच सरदाराने १७९१ मध्ये दोन चाकांचे वाहन बनवले, ही कथा १८९१ मध्ये लुई बोद्री द सोनिए या फ्रेंच पत्रकाराने रूढ केली आणि ती दीर्घकाळ एका ग्रंथातून दुसऱ्यात उतरत राहिली. आता ती कल्पित मानली जाते. लिओनार्दो दा विंचीच्या हस्तलिखितातील म्हणून १९७४ मध्ये प्रसिद्धीस आलेले सायकलचे चित्र हान्स-एर्हार्ड लेसिंग यांच्यासारखे अभ्यासक मागाहून घुसडलेले समजतात, आणि त्यांचे म्हणणे अधिक सयुक्तिक वाटते. चित्राच्या खरेपणाचा वाद बाजूला ठेवला तरी, या दोन्ही वाहनांत पुढचे चाक वळवण्याची सोय दिसत नाही. म्हणून या नोंदीपुरता आरंभ कार्ल ड्राइस यांच्या धावयंत्रापासून धरणे योग्य. १२ जून १८१७ रोजी मानहाइमहून निघून त्यांनी ते चालवून दाखवले. त्यात वळवण्यासाठी पुढे एक दांडा होता आणि हात टेकायला वेगळी फळी होती.

पुढे उंच चाकाच्या सायकलींत हँडल थेट फोर्कच्या, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या दुबेळक्याच्या, माथ्यावर बसवले जाई. जॉन केम्प स्टार्ली यांच्या रोव्हर सायकलीनंतर (सु. १८८५) दोन सारख्या चाकांची रचना स्थिरावली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हँडलची उंची स्वाराच्या सोयीने बदलता येऊ लागली. हँडल वाकडे होण्याचा प्रश्न या सोयीबरोबरच आला. वर-खाली सरकणारा सांधा सहसा गोल नळीवर बसवतात, आणि गोल नळीवर सरळ दिशा कोणती हे सांगणारी खाच नसते.

फोर्क सहज फिरावा म्हणून बसवलेल्या बेअरिंगच्या संचाला हेडसेट म्हणतात. आट्यांच्या हेडसेटमध्ये बहुधा २२.२ मिमी. व्यासाचा क्विल स्टेम फोर्कच्या नळीत वरून घालतात. मधला लांब बोल्ट आवळला, की खालची पाचर नळीच्या आतल्या भिंतीवर दाबली जाते. हँडल फिरवायचे तर बोल्ट दोन-तीन वेढे ढिला करून त्याच्या डोक्यावर लाकडाचा तुकडा धरतात व हलका ठोका देतात. पाचर सुटल्याचे हाताला लगेच कळते. बिनआट्यांची पद्धत डाया-कॉम्पे कंपनीच्या ‘अहेडसेट’मुळे १९९०च्या दशकात पसरली. तिच्यात स्टेम नळीला बाहेरून कवटाळतो. माथ्यावरच्या टोपीचा बोल्ट बेअरिंगमधली सैल जागा काढण्यापुरता असतो, स्टेम धरून ठेवण्याचे काम बाजूचे बोल्ट करतात. हा भेद न कळल्याने टोपी आवळत बसण्याची चूक फार आढळते, आणि ती धोक्याची आहे. योग्य क्रम असा : बाजूचे बोल्ट ढिले, टोपीने सैलपणा दूर, संरेखन, मग बाजूचे बोल्ट आळीपाळीने पक्के. त्यांचा जोर स्टेमवर छापलेला असतो, बहुधा ५ न्यूटन-मीटरच्या आसपास.

दोन्ही प्रकारांत पकड केवळ घर्षणाची असते. त्यामुळे सायकल पडल्यावर पुष्कळदा हँडल न वाकता स्टेमच फिरतो. ही मोठी सोय आहे.

सरळपणा पाहताना डोळा साहजिकच स्टेमवर जातो, पण स्टेम आखूड असतो. १०० मिमी. लांबीच्या स्टेममध्ये १ अंशाची चूक टोकाशी १.७ मिमी. एवढीच दिसते. ४२० मिमी. रुंदीच्या हँडलचे प्रत्येक टोक मात्र ३.७ मिमी. सरकते, एक पुढे आणि एक मागे, म्हणजे दोहोंत ७ मिमी.हून अधिक फरक पडतो. म्हणून लांब रेषेची तुलना लांब रेषेशी करावी. स्वार चाक सरळ धरून सायकलवर उभा राहतो, एक डोळा मिटतो आणि हँडलच्या मधल्या सरळ भागाआड पुढचा हब (चाकाचा आसाभोवतीचा मधला भाग) येईपर्यंत डोके पुढेमागे करतो. हबच्या दोन्ही कडा एकाच वेळी झाकल्या गेल्या तर हँडल समांतर आहे. एक कड आधी डोकावली तर नाही. लेझरची साधनेही मिळतात, पण हा उपाय बहुतेक वेळा पुरतो. फिरवताना बोल्ट निम्मा आवळलेला असावा. अगदी ढिला स्टेम हात काढताच हलतो. चाक दोन गुडघ्यांत घट्ट धरून हँडल फिरवण्याची रीत सर्वपरिचित आहे.

संरेखनापूर्वी चाक फोर्कच्या खाचेत पुरते बसले आहे ना, हे पाहणे अत्यावश्यक होय. चाकच तिरके असेल, किंवा फोर्क वाकला असेल, तर अचूक लावलेला स्टेमही वाकडा भासतो. ब्रेकचे लिव्हर कमी-जास्त उंचीवर असले तरी असाच भास होतो.

१ अंशाच्या आतल्या चुकीने सायकल एका बाजूला ओढत नाही. चाक आपल्या रेषेत चालते आणि हात नकळत जुळवून घेतात. लांबच्या प्रवासात एक खांदा सतत पुढे राहतो, हा त्रास काहींना जाणवतो तर काहींना मुळीच नाही.