परसबाग

परसबाग : घराच्या परसात, म्हणजे मागल्या अंगणात, घरच्या खाण्यापुरत्या भाज्या, फळे व औषधी झाडे लावण्याची पद्धत. मोरीचे पाणी, चुलीतली राख, गोठ्यातले शेण आणि शेजारणीने दिलेले बी एवढ्यावर ती चाले. शहरात परस उरले नाही. गच्ची, बाल्कनी, खिडकीची जाळी येथे लावलेल्या भाज्यांनाही आता परसबागच म्हणतात. घरात जे आहे त्यावर चालणारी बाग, हा तिचा मूळ अर्थ मात्र सोडू नये. कुंड्या, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि तयार रोपे विकत आणून केलेल्या बागेत पहिल्या हंगामाची भाजी बाजारभावाच्या कितीतरी पट महाग पडते, आणि हात आखडता असलेले कुटुंब तिथेच नाद सोडून देते.

जुन्या घरांत मोरीचे पाणी जिथे बाहेर पडे तिथेच अळू, कर्दळ आणि केळ लावत. तिन्ही झाडांना पायाशी ओल लागते. त्यापलीकडे कढीपत्ता, शेवगा, आणि पावसाळ्यात काठ्यांच्या मांडवावर दोडका, घोसाळे, कारले, वाल. आज मोरीच्या पाण्यात डिटर्जंट असते. ते कर्दळीपुरते ठेवावे, खाण्याच्या भाजीला देऊ नये. तांदूळ, डाळ, भाज्या धुतलेले पाणी मात्र बेलाशक घालावे. उन्हाळ्यात पाण्याची ओढ असेल तर बिनझिलईचे मडके गळ्यापर्यंत मातीत पुरून भरून ठेवतात. ते हळूहळू पाझरते आणि भोवतीची रोपे तगतात.

सुरुवात पालेभाज्यांनी करावी. त्यांना तीन-चार तास ऊन पुरते. टोमॅटो, वांगी, मिरची यांना सहा तास तरी लागते. शिवाय मेथी-कोथिंबिरीचे बियाणे स्वयंपाकघरातल्या डब्यातच असते. मेथीचे दाणे रात्रभर भिजवून पेरले की तीन-चार दिवसांत उगवतात आणि महिन्याभरात भाजी काढता येते. धणे मात्र आख्खे पेरू नयेत. प्रत्येक धण्यात दोन बिया असतात, म्हणून ते जमिनीवर पसरून लाटण्याने किंवा चपलेने हलकेच रगडायचे, दोन फाका सुट्या होतात. उगवायला आठ-दहा दिवस लागतात. या दिवसांत अनेकजण धीर सोडून कुंडी उकरतात आणि पेरणी वाया जाते. पुदिन्याची बाजारातली एक जुडी कायमची पुरते. जाड काड्या निवडून पाने चटणीला घ्यायची, काड्या पेल्यातल्या पाण्यात उभ्या ठेवायच्या, आठवड्या-दीड आठवड्यात पेरापाशी पांढरी मुळे दिसली की मातीत खोचायच्या. गवती चहा ठोंबाने, अळू कांद्याने, मायाळू कांडीने, शेवगा फांदीने लागतो. यांतले बहुतेक मागितल्यावर शेजारी मिळते.

कुंडी म्हणून तेलाचा पत्र्याचा डबा, रंगाची 20 लिटरची बादली, फाटकी गोणी, फळांचे खोके काहीही चालते. तळाला भोके हवीतच. पाणी साचून मुळे कुजणे हे घरची झाडे मरण्याचे नेहमीचे कारण आहे. तळाशी नारळाच्या शेंड्या, वर सुका पालापाचोळा आणि सगळ्यात वर माती व शेणखत भरले की माती निम्म्याने कमी लागते. गच्चीसाठी ते गरजेचेच आहे, कारण ओल्या मातीने भरलेली 20 लिटरची बादली 30 किलोच्या घरात जाते.

खत स्वयंपाकघरातूनच मिळते. भोके पाडलेल्या बादलीत सालींच्या प्रत्येक थरावर मूठभर सुकी पाने टाकत गेले की दोन-तीन महिन्यांत काळे, मातीच्या वासाचे खत तयार होते. घाण वास आला तर ओल जास्त झाली असे समजून सुकी पाने वाढवावीत. मुंबई बंदर न्यासाच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी तिथल्याच ओल्या कचऱ्यावर भाज्या व फळझाडे वाढवली. शहरी परसबागेचे हे महाराष्ट्रातले एक भक्कम उदाहरण आहे. मावा, म्हणजे पानांतला रस शोषणारी बारीक कीड, पडला तर औषध विकत आणण्याआधी 50 ग्रॅम निंबोळ्या कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवाव्यात आणि गाळलेला अर्क संध्याकाळी फवारावा.

खर्च खऱ्या अर्थाने कमी होतो तो बी राखल्याने. संकरित वाणाच्या फळातले बी पेरले तर पुढचे पीक तसेच येईल याचा भरवसा नसतो, म्हणून पुन्हा पाकीट घ्यावे लागते. गावरान वाण वर्षानुवर्षे टिकतो. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी वाल, भात आणि भाज्यांचे असे वाण घरी जपले, बियाण्याची बँक उभी केली आणि परसबागा लावायला बायकांना बी दिले. त्यांना 2020 साली पद्मश्री जाहीर झाली. शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाईच्या घरातली ही बियाण्याची गाडगी कृषी ज्ञानाचाच ठेवा आहेत.

बी राखण्याची रीत सोपी आहे. वेलावरचे पहिले एक-दोन चांगले, निरोगी फळ भाजीला न तोडता तसेच ठेवायचे. घोसाळे वेलावरच तपकिरी होऊन हलके पडते, हलवले की आत बिया खुळखुळतात, टोकाची टोपी गळते आणि काळे बी ओंजळीत ओतले जाते. मागे उरलेली जाळी अंग घासायला कामी येते. बी सावलीत वाळवून, चाळलेल्या राखेत कालवून, गाडग्यात किंवा घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवतात आणि मृगाचा पाऊस पडला की आळ्यात टोचतात.