सशाचं जेवण आणि सशाचा खाऊ

ससा पाळणाऱ्याने सकाळी उठल्यावर आधी पिंजऱ्यातल्या लेंड्या पाहाव्यात. हरभऱ्याएवढ्या, गोल, कोरड्या, बोटांत चुरल्या तर आत गवताचा भुसा दिसणाऱ्या लेंड्या भरपूर पडल्या असतील तर पोट नीट चाललंय. त्या बारीक, काळपट किंवा मोजक्याच दिसल्या, तर काल काय खायला घातलं ते आठवावं. पुष्कळदा आठवतं ते असं: गवत संपलं होतं म्हणून वाटीभर पेलेट (दाबून केलेले तयार खाद्याचे दाणे), वर मुलांनी प्रेमाने भरवलेलं गाजर, केळं, बिस्किट.

आपल्या घरातले ससे माळरानावरच्या आपल्या रानसशाचे वंशज नव्हेत. ते मूळचे स्पेन-पोर्तुगालकडचे, बिळं खणून राहणारे. तिथल्या निकस गवतावर जगता यावं असं त्यांचं पोट घडलं आहे, आणि ते खरोखर थक्क करणारं आहे. लहान आतडं जिथे मोठ्या आतड्याला मिळतं तिथे उंडुक नावाची पिशवी असते. आपल्यात ती बोटभर, सशात जठराच्या कितीतरी पट मोठी. खाल्लेलं अन्न तिच्या जवळ पोचलं की त्याची चाळणी होते. जाड, न पचणारे तंतू पुढे ढकलले जातात आणि कोरड्या लेंड्या होऊन बाहेर पडतात. बारीक कण आणि पाणी मात्र उलट मागे, उंडुकात जातं. तिथे जीवाणू ते आंबवतात, त्यातून प्रथिनं आणि ब जीवनसत्त्वं तयार होतात. मग द्राक्षांच्या घोसासारख्या दिसणाऱ्या मऊ लेंड्या बाहेर येतात आणि ससा त्या थेट गुदद्वारातूनच तोंडात घेऊन गिळतो. बघून किळस करू नका, ते त्याचं दुसरं जेवण आहे.

ही सगळी यंत्रणा चालते जाड तंतूंच्या जोरावर. न पचणारं गवतच आतड्याला हलतं ठेवतं. पोळी, बिस्किट, भिजवलेले हरभरे यांतलं पिष्ट आणि फळांतली साखर जास्त झाली की उंडुकातल्या जीवाणूंचा तोल जातो, वायू धरतो, आतडं मंदावतं. सशाला उलटी करता येत नाही, त्यामुळे चुकून गेलेलं बाहेर टाकायची सोयच नाही. पोट भरलेलं असलं की तो मऊ लेंड्याही खात नाही. त्या मागच्या केसांना चिकटतात, पावसाळ्यात त्यावर माश्या अंडी घालतात आणि जिवंत सशाच्या कातडीत अळ्या पडतात. 12 तास ससा खात नसेल किंवा लेंडी पडत नसेल, तर सकाळची वाट न पाहता पशुवैद्याकडे न्यावं.

दातांचं गणितही गवताशीच बांधलेलं आहे. सशाचे 28 दात जन्मभर वाढतात, पुढचे तर आठवड्याला साधारण 2 मिलिमीटर. गवत तो जबडा आडवा फिरवत दळतो, त्याने दाढा झिजतात. पेलेट मात्र दोन-चार चाव्यांत फुटतं.

मग पेलेट वाईट का? नाही. पण मांसासाठी आणि लोकरीसाठी ससे झटपट वाढवणाऱ्या फार्मांवर ते रुळलं, हे विसरू नये. घरच्या प्रौढ सशाला झटपट वाढायचं नसतं. वजनाच्या दर किलोमागे दिवसाला 25 ग्रॅम ही वरची मर्यादा धरावी. गवत भरपूर खाणाऱ्याला त्याच्या निम्मंही पुरतं. पाकिटावर तंतूंचं प्रमाण 18 टक्क्यांहून कमी असेल तर ते घेऊ नका. रंगीबेरंगी दाणे, सुकी फळं मिसळलेलं खाद्य तर नकोच. ससा त्यातलं गोड तेवढं वेचतो आणि तंतू तसेच ठेवतो. आपल्या दमट हवेत पेलेटला बुरशी लवकर धरते, म्हणून लहान पाकीट आणावं.

बाकी पोट गवताने भरायचं. टिमोथीचं वाळलं गवत मिळालं तर उत्तम, नाहीतर स्वच्छ जागेवरची हराळी. लसूणघास (अल्फाल्फाचा चारा) वाढत्या पिल्लाला चालतो, प्रौढाला रोज नको. त्यात कॅल्शियम खूप असतं, ससा जास्तीचं कॅल्शियम लघवीवाटे टाकतो आणि मूत्राशयात गाळ साचू शकतो. कोथिंबीर, पुदिना, गाजराचा पाला मूठभर द्यावा. कांदा, लसूण, चॉकलेट कधीच नाही.

आणि गाजर? 2 किलोच्या सशाला 60 ग्रॅमचं अख्खं गाजर म्हणजे वजनाच्या हिशेबाने 60 किलोच्या माणसाने एका बैठकीत 1800 ग्रॅम गाजर खाणं. एवढ्या सशाला फळ किंवा गाजर चहाचे दोन चमचे, तेही आठवड्यातून दोन-तीनदा पुरे. केळ्याचा काप त्याहून लहान हवा.

आजवर वाटीभर पेलेट देत असाल तर एकदम तोडू नका. गवत वाढवत दोन-तीन आठवड्यांत कमी करा. मुलांना हाताने भरवायचंच असतं, आणि ते आनंदाचं आहेच. त्यांच्यासाठी दिवसाच्या ठरलेल्या पेलेटमधलेच दहा-बारा दाणे सकाळीच बाजूला काढून ठेवा. तळहातावरून एकेक उचलताना ससा त्या दाण्यांसाठीही तितकाच धावत येतो.