शेपटीवरचे खवले ते बाळाचा मेंदू

मिनेसोटा विद्यापीठातल्या जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने १९२९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. चरबी पूर्ण वगळलेल्या अन्नावर ठेवलेल्या उंदरांची वाढ खुंटली, शेपटीवर खवले धरले. चरबी म्हणजे नुसतं इंधन, ती शरीर साखरेतूनही बनवतं, हा तोवरचा समज. काही मेदाम्लं, म्हणजे चरबीचे घटक, मात्र अन्नातूनच मिळवावे लागतात, हे त्या शेपट्यांनी दाखवलं.

पुढे बराच काळ लक्ष कातडीवरच राहिलं. आरिल्ड हॅन्सन यांनी १९६३मध्ये ४२८ बाळांचा अभ्यास मांडला: लिनोलेइक आम्ल कमी पडलं की त्वचा कोरडी होऊन सोलते, दिलं की सुधारते. अन्नातूनच मिळणाऱ्या मेदाम्लांचे दोन गट, ओमेगा-६ आणि ओमेगा-३; हे आम्ल ओमेगा-६ गटातलं. ओमेगा-३ कमी पडल्याचं कातडीवर काहीच उमटत नाही, म्हणून ते दुर्लक्षित राहिलं.

डोळे उघडले ते एका सहा वर्षांच्या मुलीमुळे. पोटात गोळी लागल्याने तिचं सगळं पोषण शिरेतून चालू होतं आणि त्यातली चरबी करडईच्या तेलाची होती. या तेलात ओमेगा-३ जवळपास नसतंच. काही महिन्यांत तिचे हातपाय बधिर होऊ लागले, चालणं थांबलं, नजर अंधुक झाली. सोयाबीन तेल सुरू केल्यावर ही लक्षणं गेली. राल्फ होल्मन यांनी १९८२मध्ये ही हकिकत प्रसिद्ध केली. त्याच सुमारास मार्था न्यूरिंगर आणि विल्यम कॉनर यांना ओमेगा-३शिवाय वाढवलेल्या माकडांच्या पिल्लांची नजर कमजोर आढळली.

डीएचए हे ओमेगा-३ मेदाम्ल डोळ्याच्या पडद्यात आणि मेंदूच्या पेशींच्या आवरणात भरलेलं असतं. गर्भाच्या मेंदूत ते सर्वाधिक साठतं शेवटच्या तीन महिन्यांत. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची नेमकी हीच शिदोरी हुकते. आईच्या दुधात डीएचए असतं, डब्यातल्या दुधात पूर्वी नसायचं. अमेरिकेत ते २००२पासून मिळू लागलं, युरोपीय संघाने २०२०पासून सक्तीचं केलं.

डब्यांवरचे बुद्धी वाढवण्याचे दावे मात्र पुराव्याच्या पुढे धावले, याची मला खरंच काळजी वाटते. पूर्ण दिवसांच्या बाळांच्या बुद्धीला होणारा फायदा चाचण्यांत सातत्याने दिसलेला नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळांचं चित्र वेगळं असू शकतं. २९ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या ऑस्ट्रेलियातल्या बाळांना रोज, वजनाच्या दर किलोमागे ६० मिलिग्रॅम डीएचए दिलं होतं. उद्देश फुप्फुसं वाचवण्याचा होता, तो साधला नाही. पण पाचव्या वर्षी या मुलांचा सरासरी बुद्ध्यांक, डीएचए न दिलेल्या मुलांपेक्षा, सुमारे साडेतीन गुणांनी जास्त निघाला, असं २०२२मध्ये प्रसिद्ध झालं.