नाइन एमएम पिस्तूल: नाव ब्राउनिंगचं, निम्मं काम सेव्ह यांचं

भारतीय सैन्यातलं 'पिस्टल ऑटो ९ एमएम १ए' बनतं पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत. हे मुळात 'ब्राउनिंग हाय-पॉवर' पिस्तूल. त्याचं माहेर मात्र बेल्जियममधलं हर्स्टाल, एफएन या शस्त्रं बनवणाऱ्या कंपनीचं गाव. आणि मागणी मुळात फ्रान्सची होती.

पहिल्या महायुद्धानंतर फ्रेंच सैन्याला नवं पिस्तूल हवं होतं. किमान दहा गोळ्या मावाव्यात, घोडा (काडतुसावर आघात घडवणारा मागचा हातोडा) बाहेर असावा, मॅगझिन काढलं की चाप चालू नये, अशा अटी होत्या. एफएनने काम अमेरिकन बंदूक-रचनाकार जॉन ब्राउनिंग यांच्याकडे दिलं. पण आपल्या आधीच्या, '१९११' नावाच्या पिस्तुलाचे हक्क त्यांनी कोल्ट या अमेरिकन कंपनीला विकलेले होते. त्यामुळे स्वतःच्याच युक्त्यांना वळसा घालून त्यांना वाट काढावी लागली. १९२३ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. ते मंजूर झालं फेब्रुवारी १९२७ मध्ये, आणि ब्राउनिंग नोव्हेंबर १९२६ मध्येच लिएजला वारले होते.

पुढचं सगळं एफएनचेच रचनाकार दियदोने सेव्ह यांनी केलं. त्यांचं नाव फारसं कुणी घेत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. कारण या पिस्तुलाचा जीव आहे त्याच्या मॅगझिनमध्ये, आणि ते सेव्ह यांचं. त्यात काडतुसं एकावर एक सरळ न रचता डावी-उजवी अशी दोन रांगांत बसतात आणि तोंडाशी येता येता एकेरी होतात. म्हणून मूठ फार जाड न होता तेरा गोळ्या मावल्या. '१९११' पिस्तुलात सात मावत. जाड मॅगझिनमुळे मुठीत चापाच्या दांड्याला जागा उरली नाही, तेव्हा चापाची ओढ वरच्या स्लाइडमधल्या (मागे-पुढे सरकणाऱ्या भागातल्या) तरफेतून मागे न्यावी लागली. १९२८ मध्ये कोल्टची पेटंटं संपली आणि '१९११' पिस्तुलातल्या चांगल्या गोष्टीही सेव्ह यांना मोकळेपणाने घेता आल्या. नळी खाली खेचणारी १९११ ची हलती कडी मात्र गेली होती. तिच्या जागी नळीखालीच घट्ट, तिरकी खाच आली. झिजायला एक सुटा भाग कमी.

फ्रान्सने शेवटी दुसरंच पिस्तूल निवडलं. बेल्जियमने हे १९३५ मध्ये स्वीकारलं.

१९४० मध्ये जर्मनांनी हर्स्टाल घेतलं आणि तेच पिस्तूल स्वतःसाठी बनवून घेतलं. सेव्ह निसटून इंग्लंडला पोहोचले. तिकडे कॅनडात टोरंटोच्या जॉन इंग्लिस कंपनीने १९४४ पासून ते चिनी सैन्यासाठी बनवायला घेतलं. चिनी मागणीतल्या पिस्तुलांना मुठीमागे लाकडी दस्ता जोडायची खाच आणि ५०० मीटरपर्यंतच्या खुणांची, नेम धरायची मागची पट्टी होती. पिस्तुलाला ५०० मीटर! ईशापूरचं पिस्तूल या इंग्लिसच्याच घराण्यातलं.

एफएनने २०१८ च्या सुमारास जुनं मॉडेल बंद केलं. आपल्याकडे त्याची काडतुसं पुण्याजवळ खडकीलाही बनली. पितळी बुडावर 'के' आणि 'एफ' ही दोन इंग्रजी अक्षरं दिसली, की ते काडतूस खडकीचं.