कुटुंबाचा युद्धेतिहास (शालेय उपक्रम)

शाळकरी मुलांनी आपल्या घरातील माणसांचा युद्धकाळ घरचे कागद, वस्तू आणि थोरांच्या तोंडची माहिती यांवरून शोधून वर्गात मांडण्याचा उपक्रम. पलटणीतील नोकरी, कैद, मागे राहिलेल्यांचे हाल, मनीऑर्डरी, महागाई हे सारे यात येते. कर्नाटकातील बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या सीमेलगतच्या तालुक्यांत त्यासाठी लागणारी सामग्री फार दूर शोधावी लागत नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे, महार रेजिमेंटची पहिली पलटण १ ऑक्टोबर १९४१ रोजी याच शहरात उभी राहिली, आणि ‘पलटणीत होता’ एवढ्या दोन शब्दांत येथे एखाद्या पणजोबाची सगळी ओळख सांगितली जाते. ती ओळख दोन शब्दांपुढे नेणे हे या उपक्रमाचे काम.

उपक्रमाचा आरंभ कोठे धरावा, हे कसोटीवर ठरते. हाताने करून शिकण्याचा आग्रह ही कसोटी मानली, तर मूळ १९३७ च्या वर्धा परिषदेतील नई तालीमपर्यंत, म्हणजे गांधीजींच्या हस्तोद्योगातून शिक्षणाच्या योजनेपर्यंत, मागे जाते. शाळेतील ज्ञान शाळेबाहेरच्या जगण्याशी जोडावे, हे सूत्र २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने पुढे ठेवले. प्रकल्पवहीला अधिकृत जागा मिळाली ती सुमारे त्यानंतर, असे म्हणता येते. मात्र ‘घरातले युद्ध’ हा विषय म्हणून सुटा दिसू लागला तो पहिल्या महायुद्धाच्या शताब्दीच्या आगेमागे (२०१४ ते २०१८). प्रस्तुत नोंदीत हेच मत अधिक ग्राह्य धरले आहे. आधीच्या प्रकल्पांत गावचे देऊळ, तळे, पिके असत. पदक आणि पेन्शन बुक टेबलावर आले ते नंतर.

पलटणीचा आकडा : या कामात सर्वाधिक चुका पलटणीच्या क्रमांकात होतात. पुढचा सगळा शोध त्या एका आकड्यावर उभा असल्याने तो आधी पक्का करावा लागतो. १९०३ पर्यंत मुंबई इलाख्याच्या पलटणींना इलाख्यापुरते क्रमांक होते. सरसेनापती लॉर्ड किचनेर यांनी केलेल्या सैन्याच्या पुनर्रचनेत त्यांत शंभर मिळवले गेले आणि तिसरीची १०३वी, पाचवीची १०५वी, दहावीची ११०वी, चौदावीची ११४वी, सोळावीची ११६वी व सतरावीची ११७वी झाली. १९२२ मध्ये या सहाही ‘५वी मराठा लाइट इन्फंट्री’ या एका रेजिमेंटखाली आल्या. १०३वी ती १/५, १०५वी ती २/५, ११०वी ती ३/५, ११६वी ती ४/५, ११७वी ती ५/५ आणि ११४वी ती १०/५, म्हणजे रंगरूटांना तयार करणारी पलटण. तिरप्या रेघेआधीचा आकडा पलटणीचा, नंतरचा रेजिमेंटचा. १९४५ मध्ये रेजिमेंटचा ५ गळून पडला.

त्यामुळे ‘आजा काळी पाचवीत होता’ असे ऐकून मूल ५ मराठाची माहिती उतरवून आणते, तेव्हा ते चुकीच्या रणांगणावर पोचलेले असते. काळी पाचवी म्हणजे जुनी पाचवी, नंतरची १०५वी, पुढे २/५ आणि आजची २ मराठा. ‘जंगी पलटण’ ही १ मराठा. तिच्या उभारणीचे वर्ष १७६८ मानतात, काळी पाचवीचे बहुधा १७६९ देतात. ३/५ ही १९४१ मध्ये एरिट्रियातील केरेन येथे आणि नंतर इटलीत लढली. १० जुलै १९४४ रोजी व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी ठरून धारातीर्थी पडलेले नाईक यशवंत घाडगे याच पलटणीचे. ती १९५२ मध्ये पॅराशूट रेजिमेंटमध्ये जाऊन २ पॅरा झाली, म्हणून आजच्या मराठा पलटणींच्या यादीत तिला शोधणारा मुलगा रिकाम्या हाताने परततो. रायबागसारखा भाग कोल्हापूर संस्थानात होता. तेथील माणूस संस्थानाच्या राजाराम रायफल्समध्ये असू शकतो, आणि ही पलटण पुढे १९ मराठा झाली. १९१७ मध्ये उभारलेली १११वी महार पलटण १९२१ पर्यंत मोडली गेली. त्या घरांतील युद्धस्मृतीचा धागा १९४१ मध्ये पुन्हा जोडला गेला, म्हणून मधली वीस वर्षे रिकामी दिसली तरी मुलाने ती स्वतःची चूक समजू नये.

आठवण जागा सांगते, आकडा कागदच सांगतो. दोन्ही एकमेकांसमोर ठेवले की अर्थ लागतो. ‘बसऱ्याला गेला’ हे पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात (आजच्या इराकात) उतरलेल्या प्रत्येकाविषयी म्हणत, कारण जहाजे बसऱ्यालाच लागत. त्याला ‘११७’ हा आकडा मिळाला तर चित्र एकदम जवळ येते. १०३वी, ११०वी आणि ११७वी या तिन्ही पलटणी कुत-अल-अमारा येथे वेढल्या गेल्या होत्या. ७ डिसेंबर १९१५ पासून जवळजवळ पाच महिने तुर्की वेढा व उपासमार सोसून २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३,००० जणांनी शरणागती पत्करली, आणि कैद्यांची पायपीट अनातोलियाच्या (तुर्कस्तानच्या) वाटेला लागली. ‘गेला तो आलाच नाही’ या घरगुती वाक्यामागे हा रस्ता असू शकतो. मात्र ‘असू शकतो’ असेच वहीत लिहावे. नव्या भरतीच्या तुकड्या एका मराठा पलटणीतून दुसरीत पाठवल्या जात, त्यामुळे आकड्यावरून ठाम विधान करता येत नाही.

पदके व वस्तू : पहिल्या महायुद्धाची दोन गोल पदके (चांदीचे ब्रिटिश वॉर मेडल आणि कांस्याचे व्हिक्टरी मेडल) ३६ मिमी व्यासाची असतात. त्यांच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण अशा क्रमाने बारीक रोमन अक्षरे ठोकलेली असतात. अक्षरे घासली असतील तर पदक आडवे धरून बाजूने टॉर्च मारावा. तरीही वाचता आले नाही, तर पतंगाच्या पातळ कागदाची पट्टी कडेभोवती ताणून ४बी पेन्सिलीने हलके घासावे. अक्षरे कागदावर पांढरी उठतात. ताऱ्याच्या आकाराच्या पदकाला कड नसते, मजकूर मागच्या बाजूला पाहावा. पदक चिंच, राख किंवा पितळेच्या पावडरीने घासू नये. आजी दर दसऱ्याला प्रेमाने घासत आलेली असते आणि नेमके नावच झिजलेले असते. मूळ पदक शाळेत आणू नये, सावलीत फ्लॅशशिवाय काढलेला फोटो पुरतो. फोटोत शेजारी पट्टी ठेवावी.

व्हिक्टरी मेडलवर आणि मुंबई इलाख्यातील कित्येक गावांच्या संगमरवरी स्मृतिफलकांवर ‘१९१४–१९१९’ असे असते. मुले लढाई १९१९ पर्यंत चालली असे लिहितात. बंदुका नोव्हेंबर १९१८ मध्ये थांबल्या, तह १९१९ चा. अशा गावफलकावर नावे नसतात, ‘या गावातून इतके गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले’ एवढेच असते. तो आकडा आणि वर्गाने घरोघरी फिरून जमवलेली नावे यांचा मेळ घालणे हा या उपक्रमातील सर्वांत मोलाचा तास. नावे बहुतेक वेळा कमी पडतात, आणि ज्यांचे घरच गावात उरले नाही त्यांची जाणीव मुलांना तेथे होते.

कागद व लिप्या : सीमाभागातील एकाच ट्रंकेत तीन लिप्या आणि चार भाषा निघतात. जुनी पत्रे व जमिनीचे कागद मोडीत, डिस्चार्जचा दाखला इंग्रजीत, दुसऱ्या महायुद्धातील काही फौजी मजकूर रोमन उर्दूत (रोमन अक्षरे, भाषा हिंदुस्तानी) आणि १९५६ नंतरचे महसुली उतारे कन्नडमध्ये. रोमन उर्दूला मुले इंग्रजी समजून डोके धरतात. मोठ्याने वाचली की अर्थ कळतो. कन्नड उताऱ्यासाठी वर्गातीलच कन्नड चांगले येणारे मूल बसवावे.

नावे साहेबाच्या कारकुनाने कानाला पडतील तशी इंग्रजीत लिहिली आहेत. पवार ‘पोवार’, गणपत ‘गुनपुत’ असा शोध घ्यावा. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर मृतांची नोंद विनामूल्य शोधता येते, आणि ‘अमक्याचा मुलगा, अमके गाव, बेळगाव’ अशी ओळ पुष्कळदा मिळते. येथे दोन खड्डे आहेत. चंदगड तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता, त्यामुळे नोंदीतील ‘बेळगाव’ आज महाराष्ट्रात असू शकते. आणि खानापूर नावाचा तालुका जुन्या सातारा जिल्ह्यातही होता, म्हणून जिल्हा न पाहता ‘आपल्या खानापूरचा’ म्हणू नये. मेसोपोटेमियात पडलेल्यांच्या बसरा स्मारकावर साध्या हिंदी शिपायांची नावे कोरलेली नाहीत, पलटणीखाली संख्या आहे. नाव आयोगाच्या नोंदवहीत असते. भिंतीच्या फोटोत पणजोबा सापडले नाहीत म्हणून मूल हिरमुसले, तर हे आधी सांगावे. पंजाबच्या भरतीच्या नोंदवह्या अलीकडे खुल्या झाल्या आहेत, पण त्या पंजाबापुरत्याच असल्याने येथे उपयोगी नाहीत.

मुलाखत : दोन मुलांची जोडी पाठवावी, एक विचारणारे, एक टिपणारे. फोन विमान मोडवर टाकून घडी घातलेल्या टॉवेलवर, बोलणाऱ्यापासून दीड फुटावर ठेवावा. पंखा बंद करून एक मिनिट चाचणी घ्यावी. तीस-चाळीस मिनिटे पुरेत. ‘लढाई कशी होती?’ या प्रश्नाला ‘वाईट’ एवढेच उत्तर येते. ‘मनीऑर्डर कोण घ्यायचं?’, ‘रजेवर आले की ट्रंकेत काय असायचं?’ असे विचारले की आजी बोलू लागते. सन विचारू नये. मानमोडीच्या (इन्फ्लुएन्झाच्या) साथीआधी की नंतर (१९१८), बेळगावच्या काँग्रेसच्या वेळी (१९२४), राज्य बदलले तेव्हा (१९५६) अशा खुणांनी काळ ठरवावा. तासाभराचे रेकॉर्डिंग उतरवायला पाच-सहा तास जातात, म्हणून कामाची दहा मिनिटे शब्दशः उतरवावीत आणि बाकीचा गोषवारा करावा. ‘गेल्ता’, ‘आल्ता’ तसेच ठेवावे. मध्ये आलेले कन्नड वाक्य देवनागरीत लिहून खाली अर्थ द्यावा.

शिक्षकाने घरी आधी जाऊन यावे. बेपत्ता झालेला मुलगा, पेन्शनवरून झालेली भांडणे, दिराशी लागलेले लग्न हे विषय मुलाच्या प्रश्नावलीतून काढून टाकावेत. सांगणाऱ्याने आपणहून काढले तर ऐकावे, परवानगीशिवाय मांडू नये. प्रदर्शनात पेन्शनचा क्रमांक, बँकखाते झाकावे. सध्या नोकरीत असलेल्या नातेवाइकाची नेमणूक कोठे आहे, हे कोठेही लिहू नये.

स्वातंत्र्योत्तर काळ : येथे सांगणारे हयात असतात, त्यामुळे काम सोपे आणि नाजूक दोन्ही होते. डिसेंबर १९६१ मधील गोवा मोहिमेची फौज बेळगावात जमली होती, शहराजवळच्या सांबऱ्याच्या धावपट्टीवरून हंटर विमाने उडाली होती. १९७१ च्या बांगलादेश युद्धात १ मराठा जमालपूरला लढली, २ पॅरा टांगाईलला उतरली. ज्यांच्या घरचे कोणी पलटणीत नव्हते, त्या मुलांना मागे बसवू नये. खानापूर-लोंढ्याकडे गेलेली लष्करी वाहने पाहिलेला दुकानदार, १९४३ च्या सुमारास रेशनच्या रांगेत उभी राहिलेली पणजी, १९४२ च्या चळवळीत भूमिगत झालेला चुलता हेही त्याच वर्गाचे विषय आहेत. तयार वहीची एक प्रत घरी द्यावी, एक शाळेच्या कपाटात ठेवावी, आणि रेकॉर्डिंगच्या फाइलला सांगणाऱ्याचे नाव, गाव व तारीख देऊन ती दोन वेगळ्या ठिकाणी साठवावी. फोन बदलला की आवाज जातो.